भाकरीवर उतरायला निघालेला ड्रोन

बचत गटाच्या बैठकीत तालुक्याहून आलेल्या मॅडमनी विचारलं, "तुमच्यात दहावी पास कोण कोण आहे?" आणि आम्ही साऱ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो. दहावी पास दोघीच निघालो. एकीचे दिवस भरत आलेले, आणि दुसरी मी. मॅडम म्हणाल्या, गटाला फवारणीचा ड्रोन मिळणार आहे, तो चालवायला एका बाईनं परभणीला राहून शिकून यावं लागेल. "घरी विचारून सांगते," असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"जाईल की ती. न जायला काय झालं?"

त्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्या गटात वयानं त्याच सगळ्यांत मोठ्या. घरी विचारायचं म्हणजे त्यांनाच विचारायचं होतं, त्यामुळं पुढं बोलायला काही उरलंच नाही.

वाटेत मी म्हणाले, "आत्या, ड्रोन म्हंजी काय, ठाव तरी हाय का तुमाला?"

"न्हाई. तू शिकून ये, मंग मला सांग."

खरं सांगायचं तर मलाही फारसं ठाऊक नव्हतं. आमचं गाव सोनपेठ तालुक्यात, गंगेच्या काठाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गावात ड्रोन यायचा तो लग्नात. नवरा-नवरीच्या डोक्यावर भुणभुणत फिरायचा आणि सगळं वऱ्हाड जेवण सोडून वर बघत हात हलवायचं. मला वाटलं, तसलाच एखादा पारव्याएवढा ड्रोन असेल आणि त्याच्या पोटाला औषधाची बाटली बांधलेली असेल.

परभणीच्या वर्गात सगळी तरणी पोरं, आणि आम्ही तीन बायका. शिकवणारे सर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. पहिले काही दिवस खरा ड्रोन हातात देतच नाहीत. संगणकाच्या पडद्यावर खोटा ड्रोन उडवायचा. रिमोटला दोन दांड्या. एकीनं वरखाली आणि गोल फिरवणं, दुसरीनं पुढंमागं आणि डावंउजवं. ऐकायला सोपं वाटतं. मी पहिला ड्रोन झाडात घातला. दुसरा तळ्यात बुडवला. तिसरा इतका लांब गेला की पडद्यावर नुसतं निळं आभाळ राहिलं.

"सर, माझा ड्रोन कुटं गेला?"

सर शांतपणे म्हणाले, "ताई, तो आता बीड जिल्ह्यात असेल."

सगळा वर्ग हसला आणि मीही हसले. त्या हसण्यानं माझी भीती निम्मी झाली. माझी चूक अशी होती, की शिलाई मशीनचं चाक फिरवावं तशी मी दांडी जोरात ढकलायचे. सर म्हणाले, "ताई, सुईत दोरा ओवता ना? तेवढंच हलवा." हे मात्र मला लगेच कळलं. ब्लाउज शिवून शिवून बोटांना तेवढं वळण होतंच. दोन दिवसांत माझा खोटा ड्रोन झाडांच्या मधून सरळ जायला लागला.

मग एका सकाळी मैदानावर खरा ड्रोन उडवायची वेळ आली. छोटाच होता तो. पण मी दांडी हळूच वर सारली आणि तो जमिनीवरून उठला, तेव्हा मला यात्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं वाटलं. तो कमरेएवढा, मग डोक्याएवढा, मग लिंबाच्या झाडाएवढा वर गेला. मी म्हणेन तिकडं जायचा. मी थांब म्हटलं की हवेत थांबायचा! आणि मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना.

"ताई, हसू नका, हात हलतोय."

"सर, थांबतच न्हाई."

"ड्रोन?"

"हसू!"

खाली आल्या आल्या मी घरी फोन लावला. "आत्या, उडाला!"

"तू उडालीस?"

"मी खालीच हाय. ड्रोन उडाला."

"मंग ठीक हाय," म्हणाल्या आणि फोन ठेवला. आमच्या ह्यांनी नंतर सांगितलं, की फोन ठेवल्यावर त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं, आमची सून परभणीत इमान चालवायलीय.

परीक्षा झाली, मी पास झाले, आणि एसटीनं गावाकडं निघाले. मांडीवर पिशवी होती. तिच्यावर माझे दोन्ही अंगठे आपोआप हलत होते. खिडकीतून कापसाचं रान दिसलं की मी मनातल्या मनात ड्रोन त्या टोकाला नेऊन परत आणायचे. शेजारच्या बाईनं विचारलं, "मुंग्या आल्या का हाताला?"

गटाचा ड्रोन आला तो टेम्पोतून, कपाटाएवढ्या खोक्यात. अंगणात खोकं उघडलं, त्याचे दुमडलेले सहा हात आम्ही एकेक करून बाहेर ओढले, आणि साऱ्याजणी मागं सरकल्या. पारवा कसला, चांगली बाजेएवढी वस्तू होती ती! मधोमध औषधाची टाकी, प्रत्येक हाताच्या टोकाला पंखा. एकजण म्हणाली, "आगं माय, ह्याच्यावर तर माणूस झोपतंय!"

मग त्याचं स्वागत करायचं ठरलं. गटात सगळ्या जातींच्या घरच्या बायका. कुणी हळदकुंकू लावलं, कुणी भस्माची तीन बोटं ओढली, कुणी नारळ आणला. आमच्या आत्या पुढं झाल्या, हात जोडले आणि ड्रोनला म्हणाल्या, "जयभीम." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता कुणाचं काई ऱ्हायलं न्हाई. उडीव."

पण लगेच उडवता येत नाही. नवीन जागी ड्रोनला दिशा समजावून द्यावी लागते. त्यासाठी दोघांनी तो उचलून धरायचा आणि जागच्या जागी गोल फिरायचं. मी आणि गटाच्या अध्यक्षबाईंनी तो दोन बाजूंनी धरला आणि फिरायला लागलो. बघणाऱ्या बायकांना वाटलं, आम्ही आनंदानं फुगडी घालायलोय. त्यांनी टाळ्या धरल्या, दोघीतिघींनी त्या तालावर खरंच फुगडी घातली. मी ओरडत होते, "आवं, हे कामाचं हाय!" पण कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. फिरून फिरून अध्यक्षबाईंना गरगरायला लागलं. शेवटी रिमोट म्हणाला, दिशा कळली.

पहिलं उड्डाण अध्यक्षबाईंच्या तुरीत ठरलं. आमच्या ह्यांनी टेम्पोतून ड्रोन तिथं नेला. तूर नुकती फुलावर आलेली, सगळं रान पिवळं झालेलं. पहिल्या दिवशी नुसतं पाणीच फवारायचं, असं मी आधीच सांगितलं होतं. तरी निम्मं गाव बांधावर. आत्यांनी तर आदल्या फवारण्यांच्या हिशोबानं सुनांना आणि जावांना कामाला लावून घागरीच्या घागरी भरून आणल्या होत्या. त्यांचं अख्खं आयुष्य फवारणी करणाऱ्या गड्यांना विहिरीचं पाणी वाहून देण्यात गेलं होतं. मी एक घागर टाकीत ओतली आणि झाकण लावलं.

"बाकीचं?"

"एवढ्यात एकर भागतंय, आत्या."

त्या भरलेल्या घागरींकडं बघतच राहिल्या. "आन् मी ही मानमोडी केली ती कशाला?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या, की त्यांनी एक घागर उचलून शेजारच्या जाऊबाईंच्या पायावरच ओतली.

बांधावर गावातले किराणा दुकानवाले अप्पाही आले होते. त्यांची तूर शेजारीच. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, डोक्यावर गुलाबी रुमाल. सकाळपासून त्यांचं एकच चाललं होतं. "बायामाणसाचं काम हाय व्हय हे? आत्ता बघा, गंगेत जाऊन पडतंय."

ड्रोनसाठी बायकांनी बांधाजवळची एक सपाट जागा झाडून, सडा घालून ठेवली होती. तिथून मी तो उचलला. खरं सांगते, सहा पंख्यांचा तो आवाज, खाली वाकलेलं गवत, उडालेली धूळ, आणि त्यातून तो जडजूड गडी एखाद्या पिसासारखा वर गेला, तेव्हा बांधावरून असा कल्ला उठला, की तुरीतले पक्षी उडून गेले. ड्रोन तुरीच्या वर सरळ ओळीत निघाला. त्याच्या खालून पाण्याचं धुकं पडत होतं, उन्हात त्यात इंद्रधनुष्य दिसत होतं. लोक त्याच्याबरोबर बांधानं पळत होते. माझे डोळे रिमोटच्या पडद्यावर. मागं काय चाललंय, मला पत्ता नव्हता.

मागं असं झालं होतं. ड्रोन पार तिकडच्या टोकाला गेलेला बघून बायकांनी ठरवलं, आता तो तिकडंच उतरणार. ऊन डोक्यावर आलेलं. झाडलेली, सडा घातलेली एवढी स्वच्छ जागा आयती मोकळी पडलेली. त्यांनी तिथं सतरंजी टाकली, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, पिठल्याचं पातेलं असं सगळं मांडलं, आणि अप्पांना आग्रहानं मधोमध बसवलं.

आणि ड्रोनची टाकी रिकामी झाली. टाकी रिकामी झाली की तो जिथून उठला, तिथंच आपला आपण परत येतो. पडद्यावर तसं लिहून आलं. मला केवढा अभिमान वाटला! मी लोकांना सांगितलंसुद्धा, "आता बघा, हात न लावता घरी येतोय."

तो डोक्यावरून सूं करत गेला, आणि मागून किंकाळ्या आल्या.

मी वळले. ड्रोन सतरंजीच्या बरोबर वर, खाली उतरत होता. पंख्यांच्या वाऱ्यानं पहिल्यांदा चटणी उठली. तिचा लाल ढग झाला. मग भाकरी उठल्या. ज्वारीच्या पातळ, मोठ्या भाकरी, एकामागून एक गरगरत तुरीत चालल्या. बायका पदर धरून चारी दिशांना पळाल्या. अप्पांचा गुलाबी रुमाल सुटला आणि लांबच्या लांब उलगडत आभाळात गेला. अप्पा जागीच पालथे झोपले.

माझ्या अंगठ्यांना सुईदोरा आठवला. मी ड्रोनचा ताबा आपल्या हाती घेतला, तो हळूच वर उचलला, बाजूच्या मोकळ्या रानावर नेला आणि अलगद टेकवला. पंखे थांबले.

मला वाटलं, झालं. आता गट मोडला, माझं शिकणं वाया गेलं, उद्यापासून परत ब्लाउज.

तेवढ्यात सतरंजीवर एक गठुडं हललं. ते गठुडं म्हणजे आत्या. सगळ्या पळाल्या तरी त्या पळाल्या नव्हत्या. पदर पसरून पातेल्यावर ओणव्या झाल्या होत्या. त्यांनी मान वर केली. केस, भुवया, सगळं लाल. त्या म्हणाल्या, "पिठलं वाचलं!"

मग कोण हसलं आणि कोण नाही, सांगता यायचं नाही. बायका बांधावर बसून पोट धरून हसत होत्या. आमचे हे टेम्पोला धरून हसत होते. अप्पा हळूहळू उठून बसले. भस्माच्या पट्ट्यांवर चटणी बसली होती. त्यांनी ड्रोनकडं बघितलं. सगळ्यांनी हसणं आवरतं घेतलं.

ते म्हणाले, "माझ्यापसून हातभर वर थांबिवलंस का त्याला?"

"हातभर न्हाई अप्पा, लय वर होता."

"मला हातभरच दिसला," ते म्हणाले. मग कपाळ पुसत म्हणाले, "एवढं धूड दोन अंगठ्यांवर आवरायलीस, म्हंजी काम येतंय तुला. माझ्या तुरीला कवा येतीस, ते सांग. आन् त्या दिवशी जेवाय मी घरी जाईन."

त्यांचा रुमाल तुरीच्या पार मधे सापडला. तुरीच्या फुलांनी भरलेला. सापडतील तेवढ्या भाकरी झटकून आम्ही त्या वाचलेल्या पिठल्याबरोबर खाल्ल्या. इतकं गोड जेवण मी परत जेवले नाही.

जेवल्यावर लोक पांगले. मी नवी बॅटरी लावून ड्रोन तपासत होते. आत्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. रिमोटकडं बघायला लागल्या.

"काय आत्या?"

"मला जमंल का गं?"

मी आजूबाजूला बघितलं. शेजारचं रान मोकळं, टाकी रिकामी, जवळपास कुणी नाही. मी ड्रोन उचलून लांबवर स्थिर उभा केला, रिमोट त्यांच्या हातात दिला, आणि त्यांच्या अंगठ्यांवर माझे अंगठे ठेवले. पाणी वाहून आणि विळा धरून ते अंगठे लाकडासारखे टणक झालेले. मी हळूच दांडी वर सारली.

ड्रोन वर गेला.

"मी करायले का तू?"

"आता तुमीच," मी म्हणाले आणि माझे हात थोडे सैल सोडले.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "आगं बया! ऐकायलंय की माझं!" त्यांनी तो पुढं नेला, मागं आणला, परत पुढं नेला. पडद्यात समोरचं सगळं दिसत होतं. तुरीच्या पिवळ्या पट्ट्या, उसाची हिरवी चादर, आणि त्याच्या पलीकडं चमकणारी गंगा. काठावरच राहून, तिचंच पाणी पिऊन म्हाताऱ्या झालेल्या आत्यांनी तिचं ते लांबलचक वळण पहिल्यांदाच बघितलं. "एवढी वाकडी जाती व्हय ही?" म्हणाल्या. मग दोघींनाही हसू फुटलं आणि ड्रोन हवेत डुलायला लागला, म्हणून मी तो उतरवला.

घरी जाताना आत्या टेम्पोत ह्यांच्या शेजारी पुढं बसल्या. मी मागं, ड्रोनला धरून. रस्त्याच्या कडेला एक बाई शेळ्या चारत होती. आत्यांनी टेम्पो थांबवायला लावला, खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि ओरडून तिला सांगितलं, "मी उडिवला!"

बाईनं विचारलं, "काय?"

"चल रं," आत्या ह्यांना म्हणाल्या. "म्होरं आणखी माणसं हायती."