मेणाचं घर

कुणी मोलकरीण म्हटलेलं शेवंताला खपत नसे. "मी घरं सांभाळते," असं ती ठणकावून सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं. गिरगावातल्या त्या ख्रिस्ती वाडीतली लाकडी घरं आजूबाजूला नारळाच्या बागा होत्या तेव्हापासूनची. कोरीव कठड्यांचे ओटे, बाहेरून चढणारे जिने, आणि प्रत्येक दिवाणखान्यात मावलीचा, त्यांच्या देवमातेचा, देव्हारा. राजापूरकडून लग्न होऊन आल्यापासून शेवंता ती घरं झाडत, पुसत, त्यांचं पाणी भरत आली होती. स्वतः मात्र राहायची वाडीमागच्या चाळीत, जिथे भिंतीला हात लावला की माती हाताला यायची. नवरा धर्मा गिरणीत कामाला, आणि पदरी एकच पोर, शांती.

वाडीतलं सगळ्यात जुनं घर मोनिकाबायचं. शेवंताची जीभ तिखट आणि मोनिकाबायची तिच्याहून तिखट, त्यामुळे दोघींचं रोज वाजायचं आणि रोज जमायचंही. गाठीचा ताप आला आणि लोक वाट फुटेल तिकडे पळाले, तेव्हा मोनिकाबायही वसईला माहेरी निघाली. किल्ल्या शेवंताच्या हातात देताना तिचे डोळे भरून आले.

"घराला काय होऊ देऊ नको गो शेवंते. माझ्या सासऱ्याच्या आज्यानं बांधलंय ते."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर एक कौल हलणार नाही, बाय."

माणूस काय वाटेल ते बोलून बसतं!

थोड्याच दिवसांत रोगी शोधणारी सरकारी तपासणीची टोळी वाडीत शिरली. बंद घरं उघडायला लावून त्यांनी भिंतींना चुना फासला. मोनिकाबायच्या देव्हाऱ्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून शेवंतानं आपलं धुतलेलं लुगडं त्याच्यावर टाकलं आणि साहेबापुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. घर साफ झालं म्हणून त्यांनी दारावर डांबराची खूण केली. जिथे रोगी सापडे तिथली गत वेगळी. कौलं उतरवत, सामान जाळत आणि रोग्याला इस्पितळात नेत. तिकडून परत आलेलं माणूस चाळीत कुणी पाहिलं नव्हतं.

आणि मग शांतीला ताप भरला. अंग पुसताना शेवंताच्या बोटांना जांघेतली गाठ लागली.

"इस्पितळात नेऊया," धर्मा म्हणाला. "डाक्टर तरी असेल तिथे."

"आणि परत कोण आणील तिला? शेजारची अंबिका गेली, तिचं लुगडंसुद्धा परत आलं नाही!"

शेवंताचं चुकलं असं म्हणणारे पुष्कळ निघतील. त्यांनी एकदा तिच्या जागी उभं राहून पाहावं.

खूण केलेल्या घरात टोळी पुन्हा शिरत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. भर दुपारी वाडी सामसूम असताना तिनं शांतीला मोनिकाबायच्या घरात नेलं आणि देव्हाऱ्यासमोर निजवलं. कुणाला संशय नको म्हणून धर्मा रोजच्यासारखा गिरणीत जात राहिला. गावच्या देवीला नारळ बोलून झाला, अंगारा लावून झाला. पोरीचा ताप उतरेना. "आये, पाणी," एवढंच ती म्हणायची, आणि दिलेलं पाणी ओठांतून बाहेर यायचं.

देव्हाऱ्याकडे बघता बघता शेवंताला मोनिकाबायचं बोलणं आठवलं. मावलीनं जे राखावं असं वाटतं, त्याचं मेणाचं रूप इगर्जीत, त्यांच्या चर्चमध्ये, नेऊन वाहायचं. पाय दुखत असेल तर पाय, डोळा तर डोळा, पोर आजारी असेल तर सबंध पोर. घर हवं असेल तर घर. मोनिकाबाय कधी खोटं बोलत नसे.

शेवंता धावतच जुन्या इगर्जीशी गेली. पायऱ्यांपाशी म्हातारा पास्कू मेणाच्या वस्तू मांडून बसायचा.

"बाबा, एक मुलगी द्या. लवकर."

पास्कूनं हात हलवला नाही. "मागं वळू नको, बाये," तो पुटपुटला. "खांबापाशी टोळीचा पांढऱ्या पट्टीवाला उभा आहे. मेणाची पोर घेतली की बाईच्या मागोमाग घरी जातात. काल एकीला असंच धरलं."

समोर मेणाची मुलगी होती, हात जोडलेली, बोटभर उंचीची. हात पुढे केला तर शांती गेली, आणि न करावा तरीही गेली. तिचा हात त्या मुलीवरून पुढे सरकला आणि शेजारच्या मेणाच्या घरावर पडला.

"हे द्या."

पट्टीवाला जवळ आलाच. "काय गं, घरी आजारी कोण?"

"आजारी पडायला घर तर हवं! ढेकणांनी खाल्लं चाळीत, म्हणून मावलीकडे घर मागतेय. तुम्ही देता?"

तो हसला आणि बाजूला झाला. त्या तिखट जिभेनं आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाचवलं.

आत मेणाच्या हातापायांच्या राशीत तिनं ते घर ठेवलं आणि कपाळ फरशीला टेकलं. "मावले, हे घर म्हणजे घर नव्हे गो. आत माझी शांती आहे. तुला कळतंय ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शांती गेली.

रडायलाही सवड नव्हती. मढं इथे सापडलं तर कौलं जातील, देव्हारा जाळतील, धर्माला धरून नेतील. शेवंतानं पोरीला खांद्यावर घेतलं, तिच्या डोक्यावरून पदर ओढला आणि भर उन्हात जिना उतरली. पलीकडच्या ओट्यावरून म्हातारी राधाबाई ओरडली, "झोपली का गो पोर?"

"झोपली," शेवंता म्हणाली आणि शांतीच्या पाठीवर थोपटत चालत राहिली. चाळीतल्या आपल्या खोलीत तिला निजवून दार लावलं, तेव्हा कुठे तिनं हंबरडा फोडला. मग टोळी आली. शेवंताच्या खोलीवरची कौलं उतरली. शांतीची गोधडी, परकर, सागरगोट्यांची पिशवी, सगळं अंगणात जळलं. धर्मा ते बघत उभा राहिला आणि त्यानंतर बायकोशी फारसा बोललाच नाही.

पावसाळा सरल्यावर मोनिकाबाय परतली. जिना चढली, कठड्यावरून हात फिरवला, देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकून ढसाढसा रडली. "किती घरं उजाड झाली गो शेवंते! मावलीनं माझं घर राखलं."

"राखणारच," शेवंता म्हणाली. "मी तेच वाहिलं होतं तिला."

मोनिकाबायला त्यातलं काही कळलं नाही. डोळे पुसत तिनं बोचकं सोडलं. "शांती कुठाय? हाक मार तिला. वसईची सुकेळी आणलीत तिच्यासाठी."

शेवंतानं कंबरेच्या किल्ल्या काढून तिच्यासमोर ठेवल्या.

"बाय," तिनं विचारलं, "मेणाची मुलगी आता वाहिली तर चालेल का हो?"