मिस विलकॉक गेल्यावर

एडवणच्या नर्मदा तामोरे पालघरच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, पण त्यांना स्वतःला इंग्रजी बोलता येत नव्हतं. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही, कारण तालुक्यातल्या बहुतेक मास्तरांचं तसंच होतं. धड्याचा मराठी अर्थ फळ्यावर लिहायचा, मुलांनी तो घोकायचा आणि अकरावीच्या मॅट्रिक परीक्षेत ओकून यायचं. होडीवर पोट असलेल्या घरातली ही पहिलीच मुलगी बाई झाली होती. काशीबाई, त्यांची आई, बाजारातून आल्यावर डोक्यावरची मासळीची पाटी उतरवता उतरवता शेजारणींना सांगायची, "आमची नर्मदा सायबाची भाषा शिकवते."

त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतर विलायतेहून मिस विलकॉक आल्या. इंग्रजी कसं शिकवावं हे शिक्षकांना दाखवायला त्यांना काही महिन्यांसाठी पाठवलं होतं. डाकबंगल्यात उतरल्या, उन्हानं नाक सोललेलं, बोलणं मात्र मऊ. दर शनिवारी तालुक्यातले मास्तर गोळा व्हायचे. मिस सांगायच्या, वर्गात मराठी नको, अर्थ सांगू नका, वस्तू दाखवा, मुलांना बोलतं करा. मास्तर माना डोलवायचे आणि चहा पिऊन आपापल्या गावी जायचे. नर्मदाबाई तेवढ्या मागे थांबायच्या. मिस त्यांच्याशी सावकाश बोलायच्या, त्या अडखळत उत्तर द्यायच्या, आणि हळूहळू अडखळणं कमी झालं.

नमुन्याच्या पाठासाठी मिसनी त्यांनाच उभं केलं. नववीचा वर्ग, मागच्या बाकांवर सगळे मास्तर. बाईंनी घरून आणलेले सुके बोंबील टेबलावर ठेवले तसा वर्ग फिदीफिदी हसला. एक बोंबील टोपलीत टाकत त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी मासा टोपलीत ठेवते आहे." मग टोपली नलूपुढे धरली. नलू उमरोळीची, रेल्वेतल्या नामदेव गँगमनची मुलगी. तिनं बोंबील उचलला, वाक्य नीट म्हटलं, आणि कुणी न विचारता आपलं एक इंग्रजी वाक्य जोडलं, "हा मासा जुना आहे."

मास्तरही हसले. बाईंना हसू आलं नाही. इतकी वर्षं शिकवून एका पोराच्या तोंडून त्याचं स्वतःचं इंग्रजी वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या फळ्याकडे वळल्या.

मिस जायच्या आठवड्यात नर्मदाबाईंनी विचारलं, "पण परीक्षेत तर भाषांतर आणि व्याकरणच येतं. त्याचं काय?"

"परीक्षा बदलणार आहे," मिस म्हणाल्या. "मी वर सांगितलंय. तू हा वर्ग सोडू नकोस, नर्मदा. अकरावीपर्यंत असाच ने."

मग मिसची मुदत संपली आणि त्या आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात अशाच कामावर गेल्या. बाकीच्या मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी जुनी रीत धरली. नर्मदाबाईंनी वर्ग सोडला नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा हटकलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, परीक्षा बदलणार आहे." मुलं मैदानावरसुद्धा इंग्रजीत भांडायला लागली होती. नलू तर स्टेशनमास्तरला गाडीची वेळ इंग्रजीत विचारायची. हे सगळं बाईंना डोळ्यांनी दिसत होतं, मग शंका घ्यायची कशाला?

परीक्षा बदलली नाही. सहासष्टच्या मार्चमध्ये तोच जुना पेपर आला. उताऱ्याचं भाषांतर करा, वाक्याचा प्रयोग बदला. जूनमध्ये निकाल लागला आणि जवळजवळ अख्खा वर्ग इंग्रजीत आपटला. नलूही.

नामदेव शाळेत आला. हातातली टोपी चुरगाळत दारातच उभा राहिला. "बाई, येक इचारू? पोरीला इंग्रजी येतं का नाय येतं, तेवढंच सांगा."

"येतं," बाई म्हणाल्या.

"मग नापास कशी झाली?"

बाईंनी परीक्षेचा पेपर त्याच्यापुढे धरला. त्यानं त्यावर नजर फिरवली. मग म्हणाला, "आमाला काय कळतंय. तुमी सांगाल तसं ती करीत गेली." आणि निघून गेला. त्यानं आवाज चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात त्या बोईसरच्या बाजारात गेल्या होत्या. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, अमेरिकन साहेब बायकापोरांसकट राहायला आले होते. भाजीच्या पाट्यांपाशी एक गोरं पोर कडेवर घेतलेली मुलगी त्याला इंग्रजीत चुचकारत होती. ती नलू होती. मेमसाहेबांच्या घरी मूल सांभाळायची, भांडी घासायची.

"बाई," ती वाकून पाया पडली. "इंग्रजी येतं म्हणून लगेच ठेवलं मला. तुमच्यामुळं झालं."

ती मनापासून बोलत होती. बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि भाजी न घेताच स्टेशनवर आल्या.

अडुसष्टमध्ये पुन्हा एक तज्ज्ञ आले, या खेपेला एक तरुण साहेब. मिस विलकॉकच्या वेळचा कागद मुख्याध्यापकांना सापडला असावा, त्यांनी बाईंना नमुन्याच्या पाठाला पुढे केलं. साहेब उत्साहानं आपली पद्धत समजावू लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "तुम्ही इथे किती दिवस आहात?"

"सहा आठवडे."

"मग मला जमणार नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

इंग्रजी सोडून इतिहास द्या, अशी त्यांनी विनंती केली. मुख्याध्यापक म्हणाले, इंग्रजीला दुसरं कोण आहे? तेव्हा त्या इंग्रजीच शिकवत राहिल्या, फळा भरून अर्थ, प्रयोग, भाषांतर. निकाल इतका सुधारला की गॅदरिंगला त्यांचा नारळ आणि खण देऊन सत्कार केला.

त्याच सुमारास आठवीतली हंसा नावाची मुलगी धडा वाचता वाचता थांबली. "बाई, हे असं आपण कुणाशी बोलायचं?"

बाईंनी खडू खाली ठेवला नाही. "कुणाशी नाही," त्या म्हणाल्या. "पाठ कर."