गम वाळेपर्यंत

माझ्या मुलीचं, मुक्ताचं, बुटांच्या खोक्याचं घर होत आलं होतं. आइस्क्रीमच्या काड्यांचं छप्पर, काडेपेटीचा पलंग, पतंगाच्या हिरव्या कागदाचं तोरण. न्हाणीघर तिने गच्चीवर नेलं होतं, चिमण्यांनाही अंघोळ करता यावी म्हणून. तोरणाखाली मात्र नुसतं चौकोनी भोक होतं.

"अगं, दार कुठाय?"

"नको. ते आपटतं."

आतल्या खोलीत तिचे बाबा फोनवर बोलत होते आणि आवाज चढत चालला होता. घर घेताना आपण ऊन बघतो, वारा बघतो, दार पूर्वेला आहे ना ते बघतो. ते दार लागतं कसं, हे त्यात राहणाऱ्या पोरांनाच ठाऊक असतं.

फोन थांबला. पावलं वाजली. मुक्ताने कात्री खाली ठेवली आणि ओल्या गमच्या छपरावर दोन्ही तळवे अलगद दाबून धरले. सवयीने, वरही न बघता.

मग दार आपटलं. मांडणीतल्या बश्या वाजल्या. खोक्याचं घर जागचं हललं नाही.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, टेबलाची कड मीही दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.