येळ्ळूरगडावर ऐकलेली हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणूनच हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

आम्ही बेळगावचे, अनगोळात राहतो. माझे वडील, आप्पा, शाळेत इतिहास शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळं त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलतात. त्यांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडं नाही. कधी सुचलंच नाही.

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी आप्पांनी पाटीवर लिहिलं — बेळगावचा किल्ला बघायचाय, मग येळ्ळूरगड. मी, बायको सविता आणि आप्पा सकाळीच निघालो. किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, छताच्या दगडी कमळाकडं ते मान दुखेपर्यंत बघत राहिले. मग येळ्ळूरला गाडी लावून गड चढलो. आप्पा दर वळणावर बसायचे, पण हट्टानं चालतच आले.

वर पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. लख्ख ऊन. सविता आणि आप्पा देवळाच्या सावलीत टेकले. मी तटावर गेलो. मागं-मागं सरकत मोबाईलवर बुरुजाचा फोटो घेत होतो...

"बाळ्या, थांब रं!"

आप्पांचा आवाज. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, तोच. मी जागच्या जागी थांबलो. वळून बघितलं तर टाचेमागं तट ढासळलेला — वीतभर गवत, आणि खाली सरळ दरी.

मी तसाच देवळाकडं आलो. सवितानं काहीच ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "आप्पा हितंच हाईत की. मगाधरनं डोळं मिटून बसल्यात."

मी सगळं सांगितलं. आप्पांचा हात गळ्याकडं गेला. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, "आवाज पहिल्यासारखाच होता?"

"व्हय, आप्पा."

ओळखीचे डॉक्टर म्हणतात, धोका दिसला की मेंदू जुनी आठवण वाजवतो. असेल. पण धोका मला दिसलाच नव्हता, माझी पाठ होती तिकडं.

त्या संध्याकाळी आप्पांनी मला समोर बसवलं आणि लिहिलं — कशी होती हाक, करून दाखव. मी करून दाखवली. त्यांनी मान हलवली... अशी नव्हे. मी पुन्हा केली. मग पुन्हा.

मला ती जमली नाही.