सातनंतर आठ

आमच्या गॅलरीतून प्रबळगड दिसायचा. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही चेंबूर सोडून नवीन पनवेलला राहायला आलो, तेव्हा सोसायटीच्या भिंतीपलीकडे भातशेती होती आणि शेतं संपली की एकदम डोंगर. बाबा साताऱ्याकडचे. चेंबूरमध्ये त्यांना समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. इथे आल्यावर ते रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे आणि ढग गडाच्या कुठपर्यंत उतरलेत ते मला आणि आईला सांगायचे. आई म्हणायची, "उतरू देत. तुमची कणीक आणायची राहिलीय."

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण ते तीन माणसांचं मराठी होतं. गीझर बंद केलास का, डबा घेतलास का, एवढ्यात भागणारं. सोसायटीतल्या लोकांचं मराठी फार भरभर चालायचं. मला उत्तर सुचेपर्यंत गप्पा तिसऱ्याच विषयावर गेलेल्या असायच्या. हळूहळू मी उत्तर शोधणंच सोडलं. नुसती बघत बसायचे. लोकांना वाटायचं, मुलगी शांत आहे. काहींना वाटायचं, शिष्ट आहे.

तळमजल्यावरचे काका तळोज्याच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघायचे. सोसायटीतल्या लोकांना डोंगरावर न्यायला त्यांनीच सुरुवात केली. पहिल्यांदा, सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन करून अख्खी सोसायटी कर्नाळ्याला गेली. पायथ्याशी काकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि मोजणीचा नियम सांगितला. प्रत्येकानं आपापला आकडा मोठ्यानं म्हणायचा. जिथे जिथे थांबू, तिथून निघताना पुन्हा म्हणायचा. आकडा तुटला तर कुणी एक पाऊल पुढे टाकायचं नाही.

आकडे रांगेतून माझ्याकडे येत होते. माझ्या आधीच्या बाई म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस." मला पुढचा आकडा येत नव्हता. म्हणजे तो किती, ते कळत होतं, पण मराठीतलं त्याचं नाव काही केल्या आठवेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तशी मी म्हणाले, "फोर्टी नाइन."

बी विंगमधला एक मुलगा लगेच ओरडला, "ओ मॅडम, गड आपला आहे, राणीचा नाही!"

सगळे हसले. वाईट मनानं कुणीच हसलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझे कान तापले. शेजारी उभे असलेले बाबा म्हणाले, "एकोणपन्नास आणि पन्नास. दोन्ही आमचेच. चला पुढे."

तेव्हापासून तीच पद्धत पडली. पुढे सगळी सोसायटी यायची बंद झाली आणि दर महिन्याला डोंगरावर जाणारी दहा-बारा माणसं उरली. काका एक, काकू सहा. मी सात आणि बाबा आठ. पण काकूंनी सहा म्हटलं की बाबाच एका दमात म्हणायचे, "सात-आठ." त्यामुळे मी तोंड उघडायचा प्रश्नच यायचा नाही.

मला ते चालणं फार आवडायचं. का, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेजात माणसांत असायचं तर बोलावं लागे, आणि नाही बोललं तर एकटीनं कँटीनच्या टोकाच्या टेबलावर बसावं लागे. डोंगरावर तसं नव्हतं. चढणीवर सगळ्यांनाच दम लागतो, सगळेच गप्प होतात. पुढच्या माणसाच्या बुटांकडे बघत तासभर चाललं तरी आपण त्यांच्यातलेच असतो. वर पोचल्यावर कुणीतरी न विचारता हातावर काकडीची फोड ठेवतं. मला तेवढं पुरत होतं. असं एकच ठिकाण मला माहीत होतं.

मग बाबांचा गुडघा गेला. एकदम नाही. आधी उतरताना दुखायचा, मग जिना चढताना, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, डोंगर विसरा. बाबांनी कॅनव्हासचे बूट धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले. गणपती झाल्यावर काकांनी प्रबळगड ठरवला, तेव्हा बाबा मला म्हणाले, "तू जा."

"एकटी?"

"एकटी कशी? सगळे आहेत की."

मी हो म्हटलं. जायच्या आदल्या रात्री मला नीट झोप लागली नाही. डोंगर चढता येईल का, याची काळजी नव्हती. बाबांशिवाय त्या माणसांत मला जागा आहे का, की आजवर मी फक्त बाबांच्या बरोबर आलेली मुलगी होते, हे उद्या कळणार होतं. आणि नसेल जागा, तर मग रविवारी मी कुठे जाणार होते?

सकाळी पनवेलच्या एसटी स्टँडवर काकांनी मोजणी घेतली. बाबा नव्हते, म्हणून पुढच्यांचे आकडे एकेकानं खाली आले. बी विंगमधला तो मुलगा आता नवाचा आठ झाला. काकूंनी सहा म्हटलं आणि रांग थांबली. मला आकडा येत होता. सात न यायला काय झालं? पण सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली आणि मी बुटांकडे बघत राहिले.

"सात," काकाच म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. "तू टेन्शन नको घेऊस गो. बाबा नाहीत तर मी म्हणतो तुझा."

"आठ!" बी विंगवाला ओरडला. मोजणी पुढे गेली. काकांचे मला उपकारच वाटले.

ठाकूरवाडीला उतरलो. तिथून माचीवर जाईपर्यंत ऊन होतं, रस्त्याच्या कडेला सोनकीची पिवळी फुलं होती. माचीवरच्या एका घराच्या ओसरीवर कोरा चहा प्यायलो. निघताना काका म्हणाले, "सात." तिथून दगडांची उभी नळी चढून गडाच्या पठारावर आलो आणि धुक्यात शिरलो. वर काका म्हणाले, "सात." आता ते माझ्याकडे बघतही नव्हते. सहाच्या मागून सात त्यांच्या तोंडून आपोआप येत होता.

प्रबळगडाचा माथा म्हणजे रानच आहे. मोठी झाडं, त्यांच्यामधून गुरांच्या पायवाटा, सगळ्या एकसारख्या. त्या रानातल्या एका पडक्या देवळापाशी आम्ही डबे उघडले. काकूंनी घावणे आणले होते. गप्पा कुणाच्यातरी भाच्याच्या लग्नावर आल्या.

"मुलगी कॉम्प्युटर शिकलेली हवी म्हणे," एक वहिनी म्हणाल्या.

"त्याला स्वतःला तरी चालू करता येतो का कॉम्प्युटर?" काकू म्हणाल्या, आणि सगळे ठसका लागेपर्यंत हसले.

मीही हसले, पण बाकीच्यांच्या जरा मागून. दर वेळी माझी नजर डावीकडे जात होती. तिथे बाबा बसून अंडी सोलायचे. आज तिथे कुणाची तरी सॅक ठेवली होती. मी माझ्या डब्यातलं थालीपीठ फिरवलं, लोकांनी घेतलं, "आईनं केलंय का? मस्त," म्हणाले, आणि डबा माझ्याकडे परत आला. मी त्याला झाकण लावलं.

मी काकूंच्या कानाशी म्हटलं, "मी जरा कड्यापर्यंत जाऊन येते." काकू हसता हसता "हं, हं" म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं असं मला वाटलं.

पनवेलच्या बाजूचा कडा तसा जवळ होता. मी टोकापासून जरा मागेच एका दगडावर बसले. समोर नुसतं पांढरं होतं. थोड्या वेळानं ते मधोमध फाटलं आणि खाली सगळं दिसलं. हिरवी शेतं, पाण्याचे तुकडे, हायवेची रेघ, आणि तिच्यापलीकडे आमच्या बाजूच्या इमारती, लहान मुलानं मांडून ठेवल्यासारख्या. आमची कुठली ते ओळखू येत नव्हतं. पण यातल्या एका गॅलरीत बाबा उभे असणार आणि त्यांना आज गडाच्या जागी फक्त ढग दिसत असणार, हे मला माहीत होतं. आईला ते सांगतही असतील. मी हात हलवला नाही. हलवावासा मात्र वाटला.

मग धुकं पुन्हा मिटलं, आणि पाठीमागून मोजणी ऐकू आली.

"एक." काका. "दोन." "तीन." धुक्यातून आवाज फार स्वच्छ येत होते. मी उठले. "सहा," काकू म्हणाल्या. मी उचललेलं पाऊल तसंच राहिलं. आता रांग थांबेल. आता कळेल त्यांना.

"सात," काका म्हणाले.

"आठ!"

आकडे पुढे गेले. कुठेच तुटले नाहीत. कुणीतरी म्हणालं, "चला रे, आवरा."

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण माझा आकडा म्हणून झाला होता. मी तिथे आहे, असं सगळ्यांसमोर ठरून गेलं होतं. त्यावर धुक्यातून ओरडून नाही म्हणायचं म्हणजे काकांना खोटं पाडायचं, असलं काहीतरी मला त्या क्षणी वाटलं. देऊळ दूर नव्हतं. मी भराभर चालायला लागले.

देवळापाशी कुणी नव्हतं. काकडीची सालं होती, एका दगडावर घावण्याचा तुकडा होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. वाटा तीन-चार होत्या. सकाळी आलो ती कुठली, ते ठरवता येईना, कारण मी येताना पुढच्या माणसाच्या बुटांकडे बघत आले होते. एक वाट धरली. ती कारवीच्या झुडपांत शिरली आणि संपली. परत आले. दुसरी धरली. ती खाली उतरत होती म्हणून बरं वाटलं, पण जरा पुढे गेल्यावर पायाखालचा मुरूम सुटला आणि गडगडत गेलेला एक दगड कुठेतरी खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. मी झाडाचं खोड धरून उभी राहिले.

भीती वाटली, हे खरं. पण भीतीपेक्षा वेगळं काहीतरी जास्त वाटत होतं. माझ्याशिवाय मोजणी पूर्ण होते. मी नसताना आणि असताना त्यांना ऐकू येतं ते एकच.

ओरडायला तोंड उघडलं तर काय ओरडायचं ते कळेना. "काका" म्हटलं तर आवाज फुटला नाही. "हेल्प" हा शब्द जिभेवर आला आणि मला कर्नाळा आठवला. मग मी डोळे मिटले आणि पोटातून ओरडले, "साऽऽत!"

कुठल्याशा कड्यावर आपटून तो परत आला. माझा आवाज एवढा मोठा असेल हे मला माहीत नव्हतं.

उजवीकडून, मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट बाजूनं, लांबून उत्तर आलं, "आठ!"

बी विंगवाल्याच्या तोंडून तो नुसत्या सवयीनं गेला होता. सात ऐकलं की आठ म्हणायचं. त्यानंतर एकदम शांतता झाली, आणि मग काकांचा आवाज, मी कधी ऐकला नव्हता तसा चिरका, "थांबा! थांबा सगळे!"

मी खोड धरून उभीच होते. रडले ते त्यांच्या धावण्याच्या आवाजानं नाही. सातनंतर आठ हा आकडा मी इतकी वर्षं एकाच आवाजात ऐकला होता. आज तो दुसऱ्या आवाजात आला, आणि त्याच आवाजाच्या दिशेनं मला जायचं होतं.

ते आले. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते आधी मलाच ओरडले, "सांगून नाही का जायचं?" मग सात आपणच म्हटलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कुणी चिक्की दिली, कुणी पाणी. उतरताना सगळ्यांनी मला मधे घेतलं. आजवर कुणी माझ्याशी इतकं बोललं नव्हतं, आणि मला एकटीनं चालायचं होतं. बी विंगवाला तेवढा पुढे होता. नळीतल्या एका अवघड दगडापाशी थांबला, मी उतरेपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला, "आवाज काय काढलास पण. मॅडम म्हणणार नाही यापुढे."

संध्याकाळी माचीवरून निघताना मोजणी झाली. काकू सहा म्हणाल्या. काका खाली बघत गप्प उभे राहिले. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं.

"सात," मी म्हणाले.

"आठ."

घरी पोचले तेव्हा बाबा गॅलरीत गुडघ्याला तेल लावत बसले होते. गडावरचं काय काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. कळलं असतं तर त्यांनी मला पुन्हा पाठवलं नसतं, किंवा दुखरा गुडघा घेऊन स्वतः आले असते. त्यांनी वाट विचारली, धुकं विचारलं, गडावरच्या टाक्यात पाणी आहे का विचारलं. मग तेलाची वाटी बाजूला ठेवत म्हणाले, "मोजणीला तुझा आकडा कोण म्हणालं?"

"मीच."

"मोठ्यानं?"

"हो. अख्ख्या गडाला ऐकू गेला."

बाबा खुशीत हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मग त्यांनी बाहेर बघितलं. ढग वर गेले होते आणि गडाची कड स्वच्छ दिसत होती.

"आणि आठ?" त्यांनी विचारलं.

मी बी विंगमधल्या त्या मुलाचं नाव सांगितलं.

"हां," बाबा म्हणाले. "आवाज चांगला आहे त्याचा." आणि दुसऱ्या पायाला काही झालेलं नसताना त्यालाही तेल लावायला लागले.