ब्लॉगवरचा थोरला

आमच्या ह्यांनी आयुष्यात एक मालिका धड पाहिलेली नाही. तरी त्यांच्या ब्लॉगवर रोज कुठला ना कुठला पुढारी मालिकेतल्या कुणासारखा तरी असतो. एक म्हणजे कान भरणारी आत्या, दुसरा म्हणजे फुकटा घरजावई. ही माहिती पुरवायची मी. भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी मी टीव्हीसमोर भाजी निवडत असते, तेव्हा हे कारखान्यातून येऊन विचारतात, "तो दाढीवाला चांगला की वाईट?" मी म्हणते, "अजून कळलं नाही." तर म्हणतात, "लवकर बघ, मला आत्ता लिहायचंय."

शहराच्या दुसऱ्या टोकाला कतारगामला राहणारे माझे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, विरुद्ध पक्षाचे. त्यांचाही ब्लॉग. त्यांना माहिती पुरवतात जाऊबाई. म्हणजे आम्ही दोघी ज्या मालिकेवर फोनवरून तासभर गोड बोलतो, तीच मालिका आमचे नवरे एकमेकांच्या डोक्यात घालतात.

श्रावणाच्या तोंडावर ह्यांनी जेठांच्या लाडक्या पुढाऱ्याला मालिकेतला थोरला भाऊ केलं. तो थोरला 'आपलं कुटुंब, आपलं कुटुंब' म्हणत धाकट्याच्या सह्या घेतो आणि बापाचं घर गिळतो. आता आमचं खानदेशातलं घर गेल्याच वर्षी सगळ्यांच्या सोयीसाठी जेठांच्या नावावर झालेलं. एवढी साधी गोष्ट माणसाच्या डोक्यात येऊ नये? हे म्हणतात, मी पुढाऱ्यावर लिहिलं. पण सगळ्या भाऊबंदांनी ते जेठांवरच लिहिलंय असं धरलं, आणि जेठांनीही. ज्या भावाने ह्यांना कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला चिकटवलं, खोली मिळेपर्यंत आपल्या अंथरुणात जागा दिली, त्याला लागणारच.

दुसऱ्या दिवशी जेठांनी उत्तर लिहिलं. ह्यांचा पुढारी म्हणजे मालिकेतला ऐतखाऊ धाकटा. मग फोन केला. "औंदा कानबाई मी मन्हा घर बसाडसू."

फोन स्पीकरवर होता. सासूबाई गहू निवडता निवडता थांबल्या. कानबाई ही आमच्याकडे भाऊबंदांनी मिळून बसवायची देवी. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. थोरल्याने वेगळी कानबाई बसवणं म्हणजे घर फुटलं असं गावभर सांगणं.

मी ह्यांना म्हटलं, "एक फोन करा. म्हणावं, ते तुमच्यावर नव्हतं."

"मग मी माघार घेतली असं होईल. वाचक काय म्हणतील?"

वाचक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचक म्हणजे ह्यांचे दोन मामेभाऊ आणि रोज सकाळी सगळ्यांना फुलांची चित्रं पाठवणारे एक काका.

सासूबाईंनी ह्या भांडणात पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्या सिरीयलमा त्या दोन्ही भाऊस्नी माय शे का मरी गई?"

"माय, हाई राजकारण शे," हे म्हणाले.

खरं ते मी सांगितलं. "आहे हो. पण तिला कुणी काही विचारत नाही."

सासूबाईंनी मान हलवली आणि दोन्ही मुलांच्या नावाने गहू घेतले. मी अडवलं नाही.

कानबाईच्या रविवारी आम्ही कतारगामच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. आरतीची वेळ टळायला लागली तशी कानबाई बसवली. तिकडून जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्या घरी गाणी म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं, आणि त्या रडत होत्या.

जेठांच्या वाटचे रोट उरले. पौर्णिमेच्या आत संपवायचे, आणि ते घरातच. सासूबाई ते रोज ह्यांच्याच ताटात वाढायच्या. हे दुधात कुस्करून कसेबसे गिळायचे, डाव्या हातात मोबाईल. एकदा तोंडात घास असतानाच मला विचारलं, "तो कपटी मुनीम पुढे सुधारतो का गं? आजच्या लेखात हवाय."

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी ती मालिका बघायची सोडली."

सासूबाईंनी ह्यांच्या ताटात भावाच्या वाटचा आणखी एक रोट वाढला.