पोफळीवर आकडा कुठे अडकवायचा

कारखान्यात सुरक्षा साहित्याचं स्टोअर माझ्याकडे आहे. उंचीवर चढणाऱ्याचा पट्टा मी स्वतः ओढून बघते आणि ढिला लागला तर त्याची खरडपट्टी काढते. माझी जीभ तिखट आहे हे साऱ्या प्लांटला ठाऊक. आणि घरी आमचे हे पाडेली. दिवेआगरच्या वाड्यांत नारळ-सुपारी उतरवतात, अंगात बनियन आणि पायात दोरीचा फास, बस्स. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चक्रीवादळानंतर माझी भीती वाढली. पाडेली पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, दरेक झाडावर चढ-उतार करत बसत नाही. शेंड्यापाशी झाड हलवून झोका घेतो आणि वरच्या वर शेजारचं झाड पकडतो. वादळाने मधली कितीतरी झाडं आडवी केली, तसा झोका लांबला.

शेवटी मी तालुक्याला जाऊन पट्टा आणला. कारखान्यात असतो तसाच, पाठीवर कडी असलेला. मोठ्या तोऱ्यात ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"आकडा अडकवायचा कुठं?"

"डोक्याच्या वर, भक्कम जागी."

"पोफळीवर डोक्याच्या वर आभाळ हाय."

"मग कमरेशी झाडालाच बांधा."

"आणि पलीकडं जाताना? झाड संगती नेऊ?"

मला हसू आलं आणि रागही. आमच्या कारखान्यात वर तुळई असते, इथे कुठली? पट्टा परत करायचं ठरवलं होतं, तेवढ्यात कामावर बांधकामाच्या पायाडावर चढलेली माणसं दिसली. त्यांच्या पट्ट्याला दोन दोऱ्या असतात. एक आकडा पुढे बसला की मगच मागचा सोडायचा. मी पट्टा बदलून आणला, पुढच्या बाजूला कडी आणि झाडाला वेढा घालता येईल अशा दोन दोऱ्या. हे कुरकुरले, पण बुटक्या झाडांवर सराव केला.

मग एका सुट्टीला मी वाडीत गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना झोका घेताना कधी पाहिलं नव्हतं. माझी छातीच होत नसे.

हे शेंड्यापाशी पोचले, अंगाचा भार मागे-पुढे टाकू लागले, आणि एवढं उंच झाड ह्यांचं ऐकू लागलं. प्रत्येक हेलकाव्याला जास्त वाकत गेलं. मी थक्क झाले. घरात चहाचा कप शोधायला मला हाक मारणारा माणूस तो हाच का? ह्यांनी पलीकडचं झाड धरलं, त्याला दोरीचा वेढा घातला, आकडा बसवला. घटकाभर दोन्ही झाडं ह्यांच्या हातापायांत होती. मग मागचा आकडा सोडला. मागचं झाड सपकन सरळ झालं, झावळ्या सळसळल्या.

आणि नव्या झाडावर ह्यांचा पाय निसटला.

हे खाली घसरले. वेढा खोडाला आवळला आणि हे पट्ट्यावर लोंबकळत राहिले. ह्यांनी पायांनी खोड चाचपलं, घट्ट मिठी मारली आणि तसेच थांबले. खालून चेहरा दिसत नव्हता.

"अहो," मी कशीबशी म्हणाले.

"हाय मी," वरून उत्तर आलं.